टेबल टेनिसची धाकटी पाती

राजघराण्यातून धाकटी पाती फुटावी, तशी टेबल टेनिसमध्ये ‘चॅलेंज सीरिज’ निघाली. घराणं १९९६च्या प्रो टूरचं. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या या टूरला २०१२ साली ‘वर्ल्ड टूर’ म्हणू लागले. पुढे तिच्यातच सुपर, मेजर आणि चॅलेंज अशा पायऱ्या पडल्या. २०१७च्या मोसमात चॅलेंजने वेगळी चूल मांडली. वर्ल्ड टूरकडे मोठ्या बक्षिसांच्या १२ स्पर्धा राहिल्या.

धाकटीचं खरं वजन वाढलं ते जानेवारी २०१८मध्ये. तोवर क्रमवारीतले गुण प्रत्येक सामन्यातल्या हार-जितीने वर-खाली होत. नव्या पद्धतीत वर्षभरातल्या सर्वोत्तम आठ निकालांची बेरीज धरू लागले. म्हणजे खेळत राहणं भाग आलं. मोठ्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत बलाढ्य चिनी खेळाडूकडून हरून परतायचं, की दुय्यम स्पर्धेत उपांत्य फेरी गाठायची, याचा हिशेब खेळाडू करू लागले.

भारतीयांना ही पाती चांगलीच मानवली. जी. साथियनने २०१७मध्ये स्पॅनिश ओपन जिंकली. नोव्हेंबर २०१९मध्ये इंडोनेशियातल्या बाटामला तर अंतिम सामन्याच्या दोन्ही बाजूंना भारतीयच होते: हरमीत देसाईने अँथनी अमलराजला हरवलं.

आणि मग मस्कतची चॅलेंज स्पर्धा, मार्च २०२०. शरथ कमल ३७ वर्षांचा, आधीचं विजेतेपद २०१०च्या इजिप्त ओपनचं. उपांत्य फेरीत रशियाच्या किरिल स्काचकोवविरुद्ध पहिले दोन्ही गेम ११-१३ असे गेले, तरी त्याने सामना सात गेमपर्यंत खेचून काढला. अंतिम फेरीत पोर्तुगालच्या मार्कोस फ्रेतासविरुद्ध शेवटचा गेम १७-१५! दहा-दहानंतर दोन गुणांची आघाडी लागते. ती मिळेपर्यंत प्रत्येक गुणागणिक सर्व्हिस इकडून तिकडे जात राहते आणि सदतिशीतल्या पायांना विसावा मिळत नाही. वयाचा मुद्दा काढणाऱ्यांना इतकं चोख उत्तर क्वचितच मिळालं असेल.

त्यानंतर कोरोनाने मोसमच मोडला. २०२१मध्ये महासंघाच्याच ‘वर्ल्ड टेबल टेनिस’ने, म्हणजे ‘डब्ल्यूटीटी’ने, सगळी मांडणी बदलली: वर ग्रँड स्मॅश आणि चॅम्पियन्स, खाली स्टार कंटेंडर आणि कंटेंडर. २०२२पासून त्यांच्याही खाली फीडर आल्या. २०२३मध्ये गोव्यात स्टार कंटेंडर झाली, तीच भारतातली पहिली डब्ल्यूटीटी स्पर्धा.

श्रीजा अकुला ही शिडी खालून चढली. जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेतल्या कॉर्पस क्रिस्टीत तिने फीडर जिंकली. जूनमध्ये नायजेरियातल्या लागोसला ती कंटेंडरचं एकेरीचं विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय ठरली.