इंजिनावर चढायची वाट

भंडाऱ्याच्या मोहाडी तालुक्यातल्या करडीला रेल्वे स्टेशन नाही. गाडी धरायची तर तुमसर रोड गाठायचं. आणि तुमसर रोड म्हणजे तुमसर नव्हे, देव्हाडी. नवखा माणूस इथे हमखास फसतो. मुंबई-हावडा मार्ग मात्र याच मुलखातून जातो. त्या मार्गावरची गाडी कोणी हाकायची, याचं उत्तर दीडशे वर्षांत अनेकदा बदललं.

पहिली गाडी छोटी होती. नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरगेज मार्ग 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला राजनांदगावला पोचला. पुढे 1887 मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली. तिने हा मार्ग ताब्यात घेतला, रुंद केला आणि 1891 मध्ये आसनसोलच्या बाजूने कलकत्त्याला जोडला. खेड्यातल्या माणसाला काम होतं ते मातीचं, खडीचं, फार तर गँगमधलं.

इंजिनाची मूठ गोऱ्याच्या किंवा अँग्लो-इंडियनाच्या हाती. मेलगाडीवर तर खासच. हा नुसता रिवाज नव्हता. अँग्लो-इंडियनांसाठी रेल्वेत राखीव जागा होत्या आणि स्वातंत्र्यानंतरही राज्यघटनेच्या कलम 336 ने ही सवलत दहा वर्षं टप्प्याटप्प्याने कमी करत चालू ठेवली. इतरांना रस्ता होता, पण इंजिन शेडच्या मागच्या दाराने.

त्या दारातून आत गेलेला पोरगा आधी क्लीनर व्हायचा. चिंध्या आणि तेल घेऊन इंजिन पुसायचं, भट्टीतली राख ओढायची. मग फायरमन, म्हणजे लोकांच्या तोंडचा आगवाला. कोळसा नुसता फेकून भागत नसे. भट्टीत तो सारखा पसरावा लागे, नाहीतर वाफ पडायची आणि चढावर गाडी दम तोडायची. त्यापुढे शंटर, मग मालगाडी, मग पॅसेंजर. मेल मिळेपर्यंत केस पिकायचे. या कामाला शाळेचा दाखला कमी आणि खांदा जास्त लागे. रात्री-बेरात्री ड्यूटीला बोलावणारा कॉलबॉय दार ठोठावायचा, वहीत सही घ्यायचा. झोप तिथेच संपायची. घरच्यांनीही ती नोकरी केली, असंच म्हणायला हवं.

वाफ गेली, डिझेल आणि वीज आली, तसा आगवालाही गेला. त्याच्या जागी सहायक ड्रायव्हर बसला. 1980 च्या दशकाच्या अखेरीस ती जागा साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी मिळवली. भारतात रेल्वे इंजिनावर जाणाऱ्या त्या पहिल्या महिला. कोळशाचं फावडं असतं तर त्यांना अर्ज तरी करू दिला असता का, अशी शंका येते. 13 मार्च 2023 रोजी त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली.

आता पदाचं नाव सहायक लोको पायलट. शेडचं मागचं दार बंद झालं आणि समोरचं दार संगणकात गेलं. दहावी आणि आयटीआय हवं, किंवा पदविका. दोन लेखी फेऱ्या, त्यानंतर अभियोग्यता चाचणी. तिच्या प्रत्येक भागात 42 गुण लागतात आणि त्यात कोणत्याही प्रवर्गाला सूट नाही. लेखी फेऱ्यांचे प्रश्न मराठीतूनही सोडवता येतात. 2024 च्या भरतीत आधी 5,696 जागा जाहीर झाल्या, नंतर त्या 18,799 केल्या. भंडाऱ्याची रेल्वे नागपूर विभागातली, पण झोनचं मुख्यालय 2003 पासून बिलासपूरला. घरच्या रुळांवर गाडी चालवायची तर अर्ज छत्तीसगडच्या भरती मंडळाकडे जातो.

बहुतेकांची दांडी उडते ती परीक्षेत. पण सगळ्यात जिव्हारी लागते ती त्यानंतरची वैद्यकीय तपासणी. चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांनी 6/6 दिसलं पाहिजे, रंग ओळखता आले पाहिजेत. चष्मा घालवायला लेसिक करून घेतलेलाही बाद होतो. शस्त्रक्रिया इथे गुण नाही, दोष ठरते. क्लासची फी भरण्याआधी एकदा डोळे तपासून घ्या.