दहाच्या पुढे मोजता येत नसेल तर?

आज सुरुवातीलाच एक छोटा प्रयोग करू. फोनवर स्टॉपवॉच लावा आणि जवळ कुणी झोपलं असेल, तर त्याचे श्वास एक मिनिट मोजा. मीरा रोड सुटून भाईंदर यायच्या आत होऊन जाईल. मोठ्या माणसाचे पंधरा-सोळा भरतील, फार तर वीस.

आता समोर दीड महिन्याचं आजारी बाळ आहे असं समजा. छाती भराभर वर-खाली होतेय. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास असतील, तर तो निमोनिया असू शकतो आणि औषध आजच सुरू करायला हवं. दवाखाना लांब आहे. ठरवायचं तुम्हालाच आहे. आणि तुम्हाला मोजता येतं फक्त दहा-बारापर्यंत.

ही अडचण मी रचलेली नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी गडचिरोलीतल्या गावोगावच्या दायांची ही रोजची अडचण होती. बाळंतपण त्यांच्या हातून, आजारी बाळ आधी त्यांच्यापुढे, पण शाळेचं तोंड बऱ्याचजणींनी पाहिलेलं नाही.

गडचिरोली म्हणजे आपल्या भाईंदरच्या खाडीपासून राज्याचं पार दुसरं टोक. जिल्हा झाला तोच १९८२ मध्ये. तिथे १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे जोडपं आलं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आले होते. संस्थेचं नाव ठेवलं 'सर्च'. म्हणजे शोध हा शब्द पाटीवरच.

गंमत अशी, की त्यांचा सुरुवातीचा एक शोध लोकांनी चक्क बाजूला ठेवला. तो होता सिकलसेलचा, म्हणजे रक्तातल्या आनुवंशिक आजाराचा. जिल्ह्यात तो आहे हे त्यांनी तपासण्या करून दाखवलं. संशोधक म्हणून मोठीच गोष्ट. पण गावकऱ्यांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. त्यांनी हा प्रश्न विचारलाच नव्हता, तो डॉक्टरांना पडला होता. अभय बंग ही गोष्ट स्वतःच भाषणांमधून सांगत आलेत. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ मला तरी इथेच दिसतं. आधी विचारायचं, मग शोधायचं.

मग विचारायला सुरुवात झाली. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, या प्रश्नाचं सोपं उत्तर शहरात तयारच असतं. अडाणी आहेत, अंधश्रद्धाळू आहेत, वगैरे. बंगांनी प्रश्न फिरवला. दवाखाना कसा असेल तर तुम्ही याल? लोक बोलू लागले. मोठ्या इमारतीत हरवल्यासारखं होतं. पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, कारण पांढऱ्यात आम्ही मेलेल्यांना गुंडाळतो. पेशंटला एकटं टाकून नातेवाइकांनी बाहेर का राहायचं? शोधग्रामचं हॉस्पिटल त्यातून उभं राहिलं. झोपड्यांच्या पाड्यासारखं, नातेवाईक सोबत राहू शकतील असं. नाव दिलं दंतेश्वरी देवीचं.

राणीताईंनी तर त्या काळात कुणी न विचारलेलं विचारलं. खेड्यातल्या बाईला बाळंतपणाखेरीज काही दुखत असेल का? दोन गावं, ६५० बायका. त्यातल्या ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोगाचा त्रास निघाला आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तोवर ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण, विषय संपला.

परत दाईकडे येऊ. लहान मुलं निमोनियाने मरत होती, आणि गावात औषध देऊ शकेल असं माणूस म्हणजे आरोग्यसेवक किंवा दाई. सेवक मोजेल, दाईचं काय? 'तिला शिकवायचं कसं' असा प्रश्न धरला असता, तर आधी प्रौढशिक्षण, मग आकडेमोड, मग निमोनिया. तेवढ्यात किती मुलं गेली असती. त्याऐवजी प्रश्न असा धरला: तिला जेवढं येतं, तेवढ्यात भागेल असं साधन कसं असेल?

त्यातून 'ब्रेथ काउंटर' तयार झाला. त्यात मण्यांच्या दोन रांगा आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. घड्याळ उलटं करायचं, दहा श्वास मोजायचे आणि एक मणी सरकवायचा. पुन्हा एकपासून दहा, पुन्हा एक मणी. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर पाच हिरवे मणी आणि सहावा लाल. त्याहून मोठं असेल तर चार हिरवे आणि पाचवा लाल. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर पोचलात, तर निमोनिया. साठ आणि पन्नास हे आकडे मण्यांत बसवलेले. दाईला ते माहीत असायचीही गरज नाही. ना बॅटरी, ना स्क्रीन. मला हे यंत्र कुठल्याही अ‍ॅपपेक्षा भारी वाटतं.

गावातच निदान आणि गावातच औषध, या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. शेजारच्या, हा कार्यक्रम नसलेल्या गावांच्या तुलनेत निमोनियाने होणारे बालमृत्यू ५४ टक्क्यांनी कमी होते.

पण पहिल्या महिन्यातच जाणारी बाळं बरीच होती. आजारी नवजात बाळाला हॉस्पिटलमध्ये न्या, असं पुस्तक सांगत होतं. सर्चने आधी मोजलं, की नेतं कोण? एका वर्षात ७६३ नवजात बाळांची घरोघरी जाऊन नोंद ठेवली. निम्म्याहून जास्त बाळांना उपचारांची गरज होती आणि ते मिळाले होते तीन टक्क्यांहूनही कमी बाळांना. म्हणजे हॉस्पिटलचा सल्ला बरोबर, पण जवळजवळ कुणाच्याच उपयोगाचा नाही.

मग ३९ गावांत स्थानिक बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलं. वजन घेणं, ऊब देणं, श्वास अडकलेल्या बाळाला सावरणं आणि जंतुसंसर्ग झाला तर जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा. इथे डॉक्टरमंडळींच्या भुवया वर गेल्या. गावातली बाई नवजात बाळाला सुई टोचणार? आक्षेप उगाच नव्हता. चुकलं तर जीव बाळाचा जाणार. म्हणून आईबापांची संमती, काटेकोर प्रशिक्षण, वरून देखरेख, आणि प्रत्येक गोष्टीची नोंद. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी शंभरात सुमारे १७ दगावत, ते प्रमाण ३ च्या आत आलं. नवजात मृत्युदर हजारी ६२ होता, तो २५ च्या आसपास उतरला. १९९९ च्या डिसेंबरमध्ये हे प्रसिद्ध झालं आणि पुढे आपल्याबाहेरच्या देशांनीही असे प्रयोग करून पाहिले.

केंद्र सरकारने २०११ मध्ये घरोघरी नवजात बालसेवा देशभर सुरू केली. आशाताईंच्या पिशवीत थर्मामीटर, वजनकाटा, घड्याळ गेलं. इंजेक्शन मात्र त्यांच्या हातात दिलं नाही. ते नर्सकडे, म्हणजे एएनएमकडे ठेवलं. यावर वाद आहे आणि दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत. माझं मत विचाराल तर, जिथे नर्स वेळेत पोचते तिथे हा नियम ठीक, जिथे ती पोचत नाही तिथे त्याच ७६३ बाळांची वही पुन्हा उघडावी लागेल.

बाळंतपण हॉस्पिटलमध्ये झालं असेल तर आशाताईंच्या भेटी ठरलेल्या असतात: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. काशीमिऱ्याच्या पाड्यावर असा किंवा भाईंदरच्या चाळीत, घरात तान्हं बाळ असेल तर या तारखा फोनमध्ये आत्ताच टाकून ठेवा. आणि ताई दारात आल्या, की श्वास कसे मोजता ते एकदा दाखवायला सांगा.