४ वाजून ५२ मिनिटे

१५ सप्टेंबर २०१९, रविवार. दुपारी ४ वाजून ५२ मिनिटांनी मी माझ्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि आतल्या तिन्ही डिस्क गेल्या. त्या दिवशी वीज गेली नव्हती. यूपीएस नीट चालत होता. नवा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज देणारा डबा, चांगला होता, जुनी केबलही चांगली होती. दोन्ही चांगल्या वस्तू मी एकमेकींना जोडल्या होत्या.

मी डीटीपी करते. नारायण पेठेत, राहत्या घरातल्या पुढच्या खोलीत, २१ वर्षं. पुस्तकं, दिवाळी अंक, पत्रिका. हे मशीन २०१५ मध्ये व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून जुनंच घेतलं होतं. त्याच्या कॅबिनेटला मी तोवर कधी स्क्रू ड्रायव्हर लावला नव्हता.

शुक्रवार, १३ सप्टेंबर. संध्याकाळी ७:२०

अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस. त्या आठवड्यात मशीन दोनदा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं होतं. एसएमपीएसचा पंखा घरघरत होता. दुकानदाराने दोन खोकी काउंटरवर ठेवली: ४८० जीबीची एसएसडी आणि ५५० वॅटचा एसएमपीएस. एसएमपीएस जुन्याच कंपनीचा, मॉडेल नवं. घरी येऊन बसवायचे ६०० रुपये, पण त्यांचा मुलगा मंगळवारी मोकळा होता.

दिवाळी अंक २०८ पानांचा, म्हणजे १३ फर्मे. पाच फर्मे छपाईला गेले होते. उरलेले आठ गुरुवारी द्यायचे होते. मंगळवारपर्यंत थांबले तर दोनच दिवस हातात राहतील, असा हिशोब मी काउंटरपाशीच केला. मीच बसवीन, असं म्हणाले.

रविवार. सकाळी ७:१०. अजून ९ तास ४२ मिनिटे

मशीन सुरू केलं. उजव्या कोपऱ्यात पिवळी चौकट आली: शेवटचा बॅकअप १६८ दिवसांपूर्वी. म्हणजे ३१ मार्चला, वर्षअखेरीची बिलं संपल्यावर घेतलेला. बॅकअपची २ टीबीची डिस्क त्याच कॅबिनेटमध्ये, मुख्य डिस्कच्या खालच्या खणात होती. बाहेर ठेवली की वायर लोंबते म्हणून मीच ती आत बसवून घेतली होती.

नवा बॅकअप घ्यायला साधारण ४० मिनिटं लागली असती. पण आता सगळी डिस्क एसएसडीवर क्लोन होणारच होती. तीच नवी प्रत. मी चौकट बंद केली.

आई चहा घेऊन आली. पितृपंधरवड्यात नवी वस्तू लावू नये, म्हणाली. गुरुवारची तारीख सांगून मी तिची समजूत घातली.

८:०५

त्या १६८ दिवसांत काय काय झालं होतं, ते इथे सांगायला हवं.

एप्रिलमध्ये ८१ वर्षांच्या एक बाई माझ्याकडे येऊ लागल्या. मी त्यांना काकू म्हणत असे. पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल जोडून द्यायच्या. त्यांना आठवणी लिहायच्या होत्या, पण हात थरथरत असे, पेन धरवत नसे. मग त्या माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसत आणि बोलत. मी थेट पेजमेकरमध्ये टाइप करत असे. ८ एप्रिल ते २४ मे, एकूण २३ दुपारी. त्यांना पडद्यावरचं दिसत नसे. दर पानाला थांबून मी मोठ्याने वाचून दाखवायची. एखादा शब्द पटला नाही की त्या बोटाने टेबलावर एकदा टक् करायच्या.

१४२ पानं झाली. हस्तलिखित असं काही नव्हतंच. पहिली तीन प्रकरणं, ३८ पानं, मी प्रुफासाठी छापून दिली होती. नववं प्रकरण १२ जुलै १९६१ चं होतं: पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि मुठेचं पाणी शहरात शिरलं तो बुधवार. काकू तेव्हा २३ वर्षांच्या होत्या, शनिवार पेठेत राहायच्या. ते प्रकरण त्यांनी दोन दुपारी सांगितलं, मध्ये एकदाच पाणी मागितलं. अकरा पानं.

१९ जूनला काकू गेल्या. वर्षश्राद्धाला पुस्तक काढायचं, असं त्यांच्या मुलीने ठरवलं. फोटो घेऊन ती सोमवारी येणार होती.

८:०५ ला मी एसएसडी जोडली. डिस्कना वीज नेणारी केबल एकच होती, तिला एकापुढे एक चार तोंडं. दोन तोंडांवर जुन्या डिस्क होत्या, तिसऱ्यावर एसएसडी लावली. जुन्या एसएमपीएसवर ती पहिल्याच फटक्यात सुरू झाली. या केबलवर माझा विश्वास बसला तो इथे.

९:३०

क्लोन पूर्ण. ३१२ जीबी, ८५ मिनिटं, एकही चूक नाही. ९:४८ ला एसएसडीवरून मशीन सुरू करून पाहिलं. आधी २ मिनिटं १० सेकंद लागायचे, आता २४. काकूंची फाइल उघडली. शेवटच्या पानावर गेले, बंद केली.

इथे दिवसाचं काम संपवता आलं असतं. एसएमपीएस मंगळवारी बसला असता.

१०:२०. अजून ६ तास ३२ मिनिटे

मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं. आठवड्यातली तिसरी वेळ. जुना एसएमपीएस आजच काढायचा, हे मी या मिनिटाला ठरवलं. त्याच भीतीने १०:३५ ला पेन ड्राइव्ह काढला आणि "चालू कामं" हा फोल्डर त्यावर टाकायला घेतला. पेन ड्राइव्ह १६ जीबीचा, फोल्डर १९ जीबीचा. दिवाळी अंकाचे फोटो मोठे होते. जागा अपुरी असल्याचा संदेश आला आणि मी कॉपी रद्द केली.

काकूंची फाइल ४ एमबीची होती.

११:४०

भाच्याचा फोन. तो इंजिनिअरिंगला आहे, दुसऱ्या गावात. "मावशी, पुढच्या रविवारी मी येतो ना, तोवर थांब." मी गुरुवारची तारीख सांगितली. मग त्याने खबरदाऱ्या सांगितल्या: प्लग काढ, अंगातली स्थिर वीज घालव, सगळे फोटो काढून ठेव. "आणि केबल..." एवढं तो म्हणाला आणि आवाज तुटू लागला. मी "हो, फोटो काढते" म्हणून फोन ठेवला.

दुपारी २:०५

जेवण झाल्यावर कॅबिनेट जमिनीवर सतरंजीवर आडवं केलं. प्लग काढला. पत्र्याला हात लावून स्थिर वीज घालवली. नंतरही दर दहा मिनिटांनी आठवणीने हात लावत होते. मोबाइलवर १७ फोटो काढले.

स्क्रू एका वाटीत ठेवले. धूळ पेंटिंगच्या ब्रशने झटकली. हे सगळं मी फार काळजीपूर्वक केलं.

२:५०. अजून २ तास २ मिनिटे

जुना एसएमपीएस मॉड्युलर होता, म्हणजे त्याच्या केबल डब्यातून सुट्या निघणाऱ्या. नवाही तसाच. मदरबोर्डची जाड केबल आणि प्रोसेसरची केबल मी नव्या लावल्या; जुन्या काढायला सोप्या होत्या.

राहिली डिस्कची केबल. आधीच्या मालकाने ती कॅबिनेटच्या मागच्या अंगाने नेली होती, पट्टीसारखी सपाट, आणि सात ठिकाणी झिप टायने बांधली होती. नवी लावायची तर सातही टाय कापावे लागणार. घरात झिप टाय नव्हते. जुन्या केबलचं डब्याकडचं टोक पाहिलं: सहा पिनांचं. नव्या डब्यावरची जागाही सहा पिनांचीच. कंपनी तीच. लावून पाहिलं. खट् आवाज होऊन ते बसलं, हलवलं तरी हललं नाही.

केबलचं डिस्ककडचं टोक जगभर सारखं असतं, ते ठरलेलं आहे. डब्याकडचं टोक मात्र ज्याने त्याने आपल्या सोयीने केलेलं असतं. सहा पिनांपैकी कुठून ५ व्होल्ट येणार आणि कुठून १२, याचा कुठलाही नियम नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते बदलतं, आणि तरी आकार तोच राहू शकतो. पूर्वीच्या वायरींत १२ व्होल्टची पिवळी, ५ व्होल्टची लाल, असा रंग तरी दिसायचा. या पट्टीतल्या सगळ्या वायरी काळ्या होत्या.

हे मला त्या दुपारी माहीत नव्हतं. ते खोक्यात लिहिलेलं होतं.

३:२५

खोक्यातला माहितीचा कागद उलगडला. घड्या घातलेला, बऱ्याच भाषांतला. मला चार स्क्रू कुठले, एवढंच पाहायचं होतं. ती आकृती सापडली. आकृतीच्या वर एका चौकटीत इंग्रजी मजकूर होता, साडेपाच पॉइंटच्या आसपासचा. मला आकार आठवतो, कारण माझी नजर आधी आकारावरच जाते. एवढ्या बारीक टायपात कोणी मजकूर द्यायला सांगितला तर मी नाही म्हणते. चौकट न वाचता मी स्क्रू लावले.

नंतर वाचली. चौथं वाक्य: सोबत दिलेल्याच केबल वापरा.

४:१०. अजून ४२ मिनिटे

पसारा आवरला. खोक्यात एक पिशवी उरली, तिच्यात न वापरलेल्या केबल. एक सहा पिनांची, चार तोंडांची, अजून तारेच्या पिळाने बांधलेली. हातात घेतली. जुनीच्या बरोबरीने जाडी पाहिली, सारखी वाटली. जादा दिली असावी, असं समजून कात्रीच्या ड्रॉवरमध्ये टाकली.

४:४८

मोबाइलवरचे फोटो काढून एकेक जोड पडताळला. आठही जोड फोटोतल्यासारखे होते. डिस्कची केबल तर तंतोतंत, तेच सात टाय.

जाणकार माणसं नवा एसएमपीएस बसवला की आधी डिस्क न जोडता मशीन एकदा सुरू करून बघतात. तीन तोंडं उपसायला अर्धं मिनिट लागतं. मी प्लग लावला. झाकण उघडंच होतं.

४:५२

बटण दाबलं. पंखा पाव फेरी फिरून थांबला. आतून टिक् असा आवाज आला, नखाने काच वाजवावी तसा.

मला वाटलं, बटण नीट दाबलं गेलं नाही. पुन्हा दाबलं. पंखा हलला, थांबला. एसएमपीएस स्वतःच वीज तोडत होता. त्याच्यात ती सोय असते, आणि त्या क्षणी तो तेच काम करत होता. मी प्लग काढून घातला आणि तिसऱ्यांदा दाबलं. या वेळी वास आला. तापलेल्या इस्त्रीखाली प्लॅस्टिकचं बटण यावं तसा.

४:५६ ला मी प्लग काढला.

५:३०

भाच्याचा फोन लागला. मी सगळं क्रमाने सांगितलं. त्याने एकच विचारलं, "मावशी, केबल सगळ्या नव्या लावल्यास ना?"

ड्रॉवर उघडून मी ती पिशवी बाहेर काढली.

१ ऑक्टोबरला, सोळा दिवसांनी, डेटा परत मिळवून देणाऱ्या तंत्रज्ञाने मला भिंगाखाली बॅकअप डिस्कचा बोर्ड दाखवला. त्यावर तांदळाच्या दाण्याएवढा एक डायोड होता, तडकलेला. व्होल्टेज जास्त आलं की स्वतः शॉर्ट व्हायचं आणि बाकीचा बोर्ड वाचवायचा, एवढंच त्याचं काम. या डिस्कवर त्याने ते केलं. डायोड काढल्यावर डिस्क फिरली. ३१ मार्चपर्यंतचं सगळं मिळालं, ६१ पुस्तकांच्या फाइली आणि अंकांची जुनी कामं.

मुख्य डिस्कवरचा तसाच डायोड शॉर्ट झाला आणि नंतर जळून उघडा पडला. मग पुढचा प्रवाह थेट आत गेला. बटणाच्या कितव्या दाबाला, ते सांगता येत नाही. त्यांनी त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड आणून मूळ रॉम चिप त्यावर बसवली, पण आतले हेडही गेले होते. एसएसडी फक्त ५ व्होल्टवर चालते. तिला १२ मिळाले. तिचा कंट्रोलर जळला, आणि कुठला तुकडा कुठल्या चिपवर ठेवला आहे ते त्यालाच ठाऊक असतं.

दिवाळी अंकाचे आठ फर्मे मी लेखकांचे मेल आणि कागदावरची प्रुफं घेऊन पुन्हा लावले. अंक नऊ दिवस उशिरा आला.

सोमवार, १६ सप्टेंबर. सकाळी ११:१५

बेल वाजली. काकूंची मुलगी आली होती, साधारण ५५ वर्षांची, हातात २६ फोटोंचं पाकीट. कॅबिनेट अजून सतरंजीवर उघडंच होतं. मी तिला बसवलं आणि सांगितलं. छापलेली ३८ पानं तिच्यासमोर ठेवली. तिने ती मोजली नाहीत, नुसती सरळ केली.

"पुराचं त्यात आहे?" तिने विचारलं.

"नाही. ते नवव्या प्रकरणात होतं. अकरा पानं."

"आईने आम्हाला ते कधीच नीट सांगितलं नाही," ती म्हणाली. मग तिने फोटो टेबलावर काढून ठेवले, रिकामं पाकीट पालथं केलं आणि माझ्या टेबलावरचं पेन उचललं. "ताई, तुम्हाला आठवतंय तेवढं सांगा. मी लिहून घेते."

ती बसली होती ती खुर्ची काकूंचीच. सकाळी काकू तांदूळ निवडत होत्या, ड्यूटी दुपारची होती. तिथून मी सुरुवात केली.