मंगळाच्या वाटेवरील अदृश्य किरण

शिडाच्या जहाजांतून महासागर ओलांडणाऱ्या खलाशांना वादळाचें भय वाटे, खडकांचें वाटे, चांच्यांचें वाटे. परंतु त्यांच्यापैकीं पुष्कळांचा बळी घेतला तो स्कर्व्ही नांवाच्या रोगानें. ताजीं फळें आणि भाज्या न मिळाल्यामुळें हिरड्या सुजत, जुन्या जखमा उकलत आणि धडधाकट माणूस अंथरुणास खिळे. शत्रु दिसत नव्हता. म्हणून तो ओळखण्यास फार काळ लागला. आतां मनुष्य मंगळावर जाण्याचे मनसुबे रचीत आहे. अग्निबाणाचा स्फोट, हवेची गळती, अन्नाचा तुटवडा हीं या प्रवासांतील संकटें कोणाच्याहि ध्यानांत येतील. परंतु जें दिसत नाहीं, ऐकूं येत नाहीं आणि बहुधा अंगाला जाणवतहि नाहीं, असें एक संकट त्या वाटेवर आहे. तें म्हणजे किरणोत्सर्ग. तें मनुष्याला कसकसें उमगत गेलें, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं शास्त्रज्ञांना एक क्षुल्लक दिसणारें कोडें पडलें होतें. विद्युद्दर्शक नांवाच्या यंत्रांत सांठविलेला विद्युद्भार, यंत्र कितीहि बंदिस्त ठेविलें तरी, हळूहळू नाहींसा होई. कोठून तरी किरण येऊन आंतील हवा विद्युद्वाहक करीत असले पाहिजेत, हें उघड होतें. ते जमिनींतील रेडियमसारख्या द्रव्यांतून निघतात, असा सर्वसाधारण समज होता. तसें असेल तर उंच चढावें तसतसा त्यांचा जोर कमी व्हावयास हवा. १९१० सालीं थिओडोर वुल्फ या जेसुइट पाद्र्यांनीं आपलें यंत्र पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर नेऊन पाहिलें. जोर कमी झाला, पण अपेक्षेइतका नव्हे.

कोड्याचा उलगडा ऑस्ट्रियाच्या व्हिक्टर हेस यांनीं केला. ७ ऑगस्ट १९१२ रोजीं ते हायड्रोजनच्या फुग्यांतून, तीन यंत्रें सोबत घेऊन, ५,००० मीटरांहून अधिक उंचीवर गेले. तेथें किरणांचा जोर जमिनीवरच्यापेक्षां कितीतरी अधिक भरला. म्हणजे हे किरण खालून येत नव्हते. वरून येत होते. त्याच वर्षीं एप्रिलांत सूर्यग्रहणाच्या वेळींहि हेस यांनीं उड्डाण केलें होतें. सूर्य झांकला गेला तरी किरण कमी झाले नाहींत. तेव्हां त्यांचा मुख्य उगम सूर्याच्याहि पलीकडे असला पाहिजे, असें त्यांनीं ताडलें. १९२५ सालीं मिलिकन यांनीं या किरणांना विश्वकिरण अशा अर्थाचें नांव दिलें आणि १९३६ सालीं हेस यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

किरण म्हटले तरी ते वस्तुतः अणुगर्भ होत. त्यांत बहुतेक हायड्रोजनचे, कांहीं हीलियमचे आणि थोडे लोखंडासारख्या जड मूलद्रव्यांचे. ते प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धांवतात. असा एक कण पदार्थावर आदळला कीं त्यांतून नव्या कणांचा वर्षाव कसा सुरू होतो, याची उपपत्ति होमी भाभा आणि हाइटलर यांनीं १९३७ सालीं मांडली. पुढें भाभांनीं बंगलोरांत आणि १९४५ पासून मुंबईच्या टाटा संशोधनसंस्थेंत या विषयाची परंपरा उभी केली. पृथ्वीवर आपण या माऱ्यांतून वांचतों, याचें कारण डोक्यावरील वातावरण हें सुमारें १० मीटर खोल पाण्याइतकें जड कवच आहे, आणि त्याच्याहि बाहेर पृथ्वीचें चुंबकत्व येणाऱ्या कणांना वळवून लावतें. या दोन छत्रांचें मोल छत्राबाहेर पडेपर्यंत कोणाला कळलें नव्हतें.

किरणांचा दुसरा उगम मात्र आपल्या नित्य परिचयाचा आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावरील डागांच्या समूहांत एकाएकीं शुभ्र तेज चमकलेलें दिसलें. त्यानंतर एक दिवसहि लोटला नाहीं तोंच मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत चुंबकसूच्यांनीं विलक्षण खळबळ दाखविली. २ सप्टेंबरच्या सकाळीं तेथील आडव्या चुंबकबलांत सुमारें १,६०० नॅनोटेस्लांची घसरण नोंदली गेली. पुढें विजेच्या ट्रामगाड्यांमुळें मुंबईंत सूक्ष्म मोजणी अशक्य होणार म्हणून हें काम १९०४ पासून अलिबागेस नेलें गेलें. परंतु कुलाब्याची ती जुनी नोंद त्या महावादळाचें माप ठरविण्यास एकविसाव्या शतकांतील शास्त्रज्ञांनाहि उपयोगी पडली. सूर्य केवळ प्रकाश देत नाहीं, प्रसंगीं कणांचा भडिमारहि करतो, हा त्या नोंदीचा अर्थ समजण्यास मात्र पुष्कळ वर्षें जावीं लागलीं.

१९५८ सालीं अमेरिकेचा पहिला उपग्रह आकाशांत गेला. त्यावर जेम्स व्हॅन अॅलन यांचें कण मोजणारें यंत्र होतें. कांहीं उंचीवर यंत्र अगदीं स्तब्ध होई. तेथें कण नसल्यामुळें नव्हे. ते इतके दाट होते कीं यंत्राला मोजणीच करतां येईना. अशा रीतीनें पृथ्वीभोंवतींच्या किरणपट्ट्यांचा शोध लागला. दहा वर्षांनीं चंद्राकडे निघालेले पहिले तीन प्रवासी हे पट्टे त्वरेनें ओलांडून गेले. पुढील चंद्रयात्रींपैकीं कित्येकांना डोळे मिटले असतांहि प्रकाशाच्या ठिणग्या दिसत. विश्वकिरणांतील कण डोळ्यांतून आरपार जात होते.

या यात्रींवर दैवाची मोठीच कृपा झाली. अपोलो १६ चे प्रवासी एप्रिल १९७२ अखेर परतले; अपोलो १७ डिसेंबरांत निघालें. मधल्या ऑगस्टमध्यें सूर्यावर प्रचंड वादळ झालें. त्या वेळीं कोणी चंद्रावर यानाबाहेर हिंडत असता तर त्याला गंभीर किरणव्याधि जडली असती, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

चंद्राचा प्रवास कांहीं दिवसांचा. मंगळाचा कित्येक महिन्यांचा. शिवाय मंगळाला पृथ्वीसारखें सर्वव्यापी चुंबकत्व नाहीं आणि त्याची हवा पृथ्वीच्या हवेच्या शतांशाहूनहि विरळ. तेथें किरण किती लागतील, याचें प्रत्यक्ष माप २०११ सालीं निघालेल्या क्युरिऑसिटी या यंत्रगाडीनें आणलें. वाटेंत दिवसाला सरासरी १.८४ मिलिसीव्हर्ट आणि मंगळावर उतरल्यानंतर सुमारें ०.६४. आतां साधा हिशेब करूं जातां, जाण्यायेण्याच्या ३६० दिवसांचे सुमारें ६६०, मंगळावरील ५०० दिवसांचे ३२०, मिळून ९८० होतात. पृथ्वीवर मनुष्याला निसर्गतः वर्षाला सरासरी २.४ मिळतात. अमेरिकन अंतराळसंस्थेनें आपल्या यात्रींसाठीं संपूर्ण कारकीर्दीची मर्यादा ६०० ठरविली आहे. म्हणजे एकाच यात्रेंत ती मर्यादा दीडपटीहून अधिक ओलांडली जाते. १,००० मिलिसीव्हर्टमुळें प्राणघातक कर्करोगाचा संभव सुमारें ५ टक्क्यांनीं वाढतो, असें मानतात. मोतीबिंदूची भीति निराळीच. सूर्यवादळ आलें तर ही बेरीज आणखी वाढेल.

यावर जाड शिशाच्या भिंती उभाराव्या, असें कोणालाहि सुचेल. पण भाभांनीं वर्णिलेल्या वर्षावासारखेंच येथेंहि घडतें. वेगवान जड कण धातूवर आदळून नवे कण उधळतात, आणि तीं शकलेंहि अपाय करतात. त्यापेक्षां पाणी किंवा हायड्रोजनयुक्त प्लॅस्टिक बरें. सूर्यवादळाच्या वेळीं पाण्याचे आणि अन्नाचे सांठे भोंवतीं रचून मधल्या कोठडींत आश्रय घ्यावा, अशी योजना आहे. विश्वकिरणांना मात्र तेवढा आडोसा पुरत नाहीं. आणखी पेंच असा, कीं सूर्य शांत असतां विश्वकिरण वाढतात, आणि तो क्षुब्ध झाला कीं ते घटतात पण वादळें वाढतात. तेव्हां यान अधिक वेगवान करून प्रवासाचे दिवस कमी करणें, हाच खरा उपाय उरतो.

१७४७ सालीं जेम्स लिंड यांनीं लिंबू आणि संत्रें स्कर्व्हीवर गुणकारी असल्याचें प्रयोगानें दाखविलें. परंतु ब्रिटिश आरमारांत लिंबाचा रस सर्रास देण्यास १७९५ साल उजाडलें. ज्ञान असूनहि तें अमलांत न आल्यानें मधल्या काळांत किती खलाशी दगावले असतील! मंगळयात्रीची स्थिति एका अर्थीं बरी आहे; त्याच्या वाटेवरील विषाचें माप तो निघण्यापूर्वींच घेतलें गेलें आहे. मात्र तें माप वहींत ठेवून भागणार नाहीं. यान घडविणाऱ्यानें तें मानलें पाहिजे, यात्रीला तें स्पष्ट सांगितलें पाहिजे, आणि जावें कीं न जावें हें ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहिला पाहिजे. तसें न झाल्यास त्याची आणि त्या खलाशांची गत एकच होईल.