अर्ध्या मिलिमीटरचा इतिहास

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत माझी पुतणी एका नेत्र रुग्णालयाचे माहितीपत्रक घेऊन आली. ती जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळते. दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे साडेसात. चष्मा घालून मैदानात उतरता येत नाही, आणि कॉन्टॅक्ट लेन्स घातल्यावर मातीचा एक कण आत गेला तरी खेळ थांबवून बाहेर यावे लागते. पत्रकावर तीन रकाने होते : पीआरके, लॅसिक, स्माइल. प्रत्येकाखाली दर, आणि सर्वांत महाग रकान्यावर ‘अत्याधुनिक’ असा शिक्का. ती म्हणाली, “काका, तुम्ही जुनी कागदपत्रं वाचता ना? मग हे पण वाचा आणि सांगा, यातलं कुठलं करू?”

मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, सहकारी बँकेत नोकरी केली, मोडी स्वतःच्या हौसेने शिकलो. कागद हाती आला की तो कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिला हे आधी पाहायचे, एवढीच माझी विद्या. तीच खोड इथेही लागली. तीन रकाने मागे मागे नेत गेलो तेव्हा उमगले, की हे दुकानात शेजारी मांडलेले तीन माल नाहीत. यातली प्रत्येक पद्धत म्हणजे आधीच्या पद्धतीत जे चुकले वा खटकले त्याला दिलेले उत्तर आहे. आणि काही चुका कळायला दहा-दहा, वीस-वीस वर्षे लागली आहेत.

जागा केवढी?

आपण ज्याला बोलण्यात बुबुळ म्हणतो त्याच्यावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. तो कॉर्निया. डोळ्याची प्रकाश वळवण्याची जी एकूण शक्ती, तिच्यातला सुमारे दोन तृतीयांश वाटा या पडद्याच्या बाकाचा. त्याची मधली जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५४० मायक्रॉनच्या आसपास. वरचे पातळ कातडे सुमारे ५० मायक्रॉनचे. ते खरवडले तरी काही दिवसांत पुन्हा येते. त्याखाली तंतूंचा जाड थर, जो एकदा काढला की पुन्हा भरून येत नाही. आणि अगदी आत पेशींचा एकपदरी थर, जो पडद्यातले पाणी सतत बाहेर उपसून तो स्वच्छ ठेवतो. माणसात या पेशी मेल्या की नव्या जवळजवळ येत नाहीत.

उणे नंबर घालवायचा म्हणजे या काचेचा मधला बाक थोडा सपाट करायचा. सारा इतिहास या अर्ध्या मिलिमीटरच्या आत घडला आहे.

तोक्यो आणि मॉस्को

तोक्योच्या जुन्तेंदो विद्यापीठातील डॉ. त्सुतोमु सातो यांना १९३०च्या दशकात एक गोष्ट दिसली. ज्यांचा कॉर्निया शंकूसारखा पुढे येतो अशा काही रुग्णांत पडद्याचा आतला पापुद्रा आपोआप फाटे, आणि जखम भरल्यावर बाक कमी होई. निसर्ग जे करतो ते आपण सुरीने करावे, असे त्यांनी ठरवले. कॉर्नियाला आतून आणि बाहेरून चाकाच्या आऱ्यांसारखे छेद दिले. नंबर उतरले. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या प्रतिष्ठित नियतकालिकात त्यांचा लेखही छापून आला.

पण आतून छेद देताना तो एकपदरी थर कापला जात होता, आणि त्याचे काम काय हे तेव्हा कोणाला नीट माहीत नव्हते. दहा-वीस वर्षांनी त्यांच्या बहुतेक रुग्णांच्या कॉर्नियात पाणी साचू लागले, पडदे धुरकटले. तरुणपणी चष्मा सुटला म्हणून आनंदलेली माणसे उतारवयात दृष्टी गमावून बसली. सातो निष्काळजी नव्हते; त्यांच्या काळाला जेवढे दिसत होते तेवढे त्यांनी पाहिले होते. म्हणूनच ही गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते.

मॉस्कोत १९७०च्या दशकात स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी छेद फक्त बाहेरून द्यायला सुरुवात केली. आतला थर वाचला. त्यांच्या संस्थेत रुग्ण कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावरून एका शल्यविशारदाकडून दुसऱ्याकडे जात, याची छायाचित्रे जगभर गाजली. आपल्याकडेही ‘आर.के.’ या नावाने ही शस्त्रक्रिया होत असे. अमेरिकेत तिची शिस्तीत तपासणी झाली आणि १९९४ मध्ये दहा वर्षांचे निकाल आले. बहुतेकांना दूरचे चांगले दिसत होते, पण ४३ टक्के डोळ्यांचा नंबर या काळात अधिक बाजूला एक किंवा त्याहून जास्त सरकला होता. छेद दिलेला पडदा सैल पडून सपाट होतच राहिला होता.

बोगोटाचा कारागीर, मद्रासचा रसायनशास्त्रज्ञ

तिसरा मार्ग कोलंबियात बोगोटा येथे होसे इग्नासिओ बाराकेर यांनी शोधला. हे मूळचे बार्सेलोनाचे. वडील आणि आजोबाही नेत्रतज्ज्ञ. छेद देण्याऐवजी पडद्याला कोरून आकार द्यावा ही कल्पना त्यांनी १९४९ मध्ये मांडली. कॉर्नियाची वरची चकती कापून काढायची, ती गोठवायची, चष्म्याच्या काचेसारखी यंत्रावर घासायची आणि पुन्हा डोळ्यावर शिवायची. ग्रीक शब्द जोडून त्यांनी तिला ‘केरॅटोमिल्यूसिस’ म्हटले, म्हणजे कॉर्नियाचे कोरीवकाम. कल्पना अचूक होती, हत्यार ओबडधोबड होते.

हत्यार सापडले ते डोळ्यांशी संबंध नसलेल्या ठिकाणी. रंगस्वामी श्रीनिवासन हे १९२९ साली मद्रासमध्ये जन्मलेले, मद्रास विद्यापीठात शिकलेले रसायनशास्त्रज्ञ न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत एक्सायमर लेसरवर काम करीत होते. या लेसरचा किरण अतिनील, १९३ नॅनोमीटरचा. प्लास्टिकवर तो अतिशय स्वच्छ खोदकाम करी. नोव्हेंबर १९८१ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीतून उरलेले टर्कीचे तुकडे त्यांनी प्रयोगशाळेत आणले आणि हाड व कूर्चेवर किरण सोडला. नेहमीच्या हिरव्या लेसरने मांस करपत होते. या किरणाने कडा न भाजता कोरीव खाच पडली. किरण उष्णतेने जाळत नाही, रेणूंचे बंध तोडून कण उडवून देतो, हे त्यांनी जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम या सहकाऱ्यांसह दाखवले. २०१३ मध्ये या तिघांना व्हाइट हाउसमध्ये राष्ट्रीय पदक मिळाले.

कोलंबिया विद्यापीठाचे स्टीफन ट्रोकेल यांनी हा किरण कॉर्नियासाठीच आहे हे ओळखले. श्रीनिवासन यांच्यासोबतचा त्यांचा लेख १९८३ चा. १९८८ मध्ये न्यू ऑर्लीन्सला मार्गरेट मॅकडोनल्ड यांनी दृष्टी शाबूत असलेल्या मानवी डोळ्यावर पहिल्यांदा हा किरण वापरून आकार दिला. तो डोळा कर्करोगामुळे काढावाच लागणार होता. काढण्यापूर्वी त्यावर प्रयोग करू देण्यास त्या बाईंनी स्वतः संमती दिली. पत्रकावरच्या पहिल्या रकान्यामागे त्या बाईंचे हे देणे आहे.

तीन रकाने

पीआरकेमध्ये वरचे कातडे खरवडून थेट खालच्या थरावर लेसर मारतात. पापुद्रा कापायचा नाही. त्याची किंमत म्हणजे तीन-चार दिवसांच्या वेदना, आठवडे रेंगाळणारी अंधूक नजर, आणि मोठ्या नंबरात पडद्यावर धुके येण्याची शक्यता. पुढे मायटोमायसिन हे औषध लावून ती बरीच कमी झाली.

वेदना टाळण्यासाठी क्रीट विद्यापीठाचे योआनिस पालिकारिस यांनी बाराकेर यांचा पापुद्रा आणि श्रीनिवासन यांचा किरण एकत्र आणला. पुस्तकाचे पान उलटावे तसा पापुद्रा एका बाजूने जोडलेला ठेवून उचलायचा, खाली लेसर मारायचा, पान मिटायचे. हे लॅसिक. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसाला भिंतीवरचे कॅलेंडर वाचता येते, म्हणून त्याने जग जिंकले. पण पापुद्रा कापताना कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात. आणि तो पापुद्रा पूर्वीइतका घट्ट पुन्हा कधीच बसत नाही. जोराचा मार लागून वर्षांनंतरही तो सरकल्याच्या नोंदी आहेत. कबड्डीत कोपर आणि गुडघा कुठे लागतो, हे पुतणीला सांगायची गरज नव्हती.

१९९८ मध्ये जर्मनीतील थिओ सायलर यांनी आणखी एक धोका नोंदवला. लॅसिकनंतर काही रुग्णांचा कॉर्निया फुगून शंकूसारखा पुढे येऊ लागला होता. खाली उरलेला थर डोळ्याच्या आतला दाब पेलण्यास अपुरा पडत होता. तेव्हापासून ‘किती काढायचे’ याच्या जोडीने ‘किती उरते’ हा प्रश्न विचारला जाऊ लागला.

तिसरा रकाना सूक्ष्मकाळाच्या लेसरचा. फेम्टोसेकंद लेसरमागचे तंत्र जेरार मूरू आणि डॉना स्ट्रिकलंड यांनी १९८५ मध्ये मांडले. २०१८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना याच कामासाठी मिळाले. मिशिगन विद्यापीठात १९९३ च्या सुमारास एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून असा किरण गेला. त्याला तपासणाऱ्या रॉन कर्ट्झ या तरुण डॉक्टरला जखम आश्चर्यकारक नेटकी दिसली, आणि तिथून हा लेसर नेत्रशस्त्रक्रियेकडे वळला. आधी त्याने लॅसिकच्या पात्याची जागा घेतली. पुढे जर्मनीत वॉल्टर सेकुंडो आणि मार्कुस ब्लुम यांनी पापुद्राच वगळला : पडद्याच्या पोटात भिंगाच्या आकाराची चकती लेसरने आखायची आणि काही मिलिमीटरच्या छेदातून बाहेर ओढायची. हे स्माइल. त्याच्या सुरुवातीच्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालांपैकी एक आपल्या शेजारच्या वडोदऱ्याहून, डॉ. रूपल शाह आणि सहकाऱ्यांकडून आला. यात नसा कमी कापल्या जातात आणि सरकायला पापुद्रा नसतो. मात्र चकती हाताने सोडवावी लागते, आणि पुढे नंबर पुन्हा थोडा आला तर दुरुस्ती लॅसिकइतकी सोपी नसते.

गणित

आता पुतणीच्या कागदाकडे येऊ. त्यावर कोपऱ्यात एक आकडा होता, ज्याकडे समुपदेशक बाईंनी बोट दाखवले नव्हते : जाडी ४९२. चार्ल्स मनर्लिन यांनी १९८८ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार सहा मिलिमीटर व्यासाच्या भागात एक नंबर उतरवायला साधारण १२ मायक्रॉन जातात. साडेसातला ९०. लॅसिकचा पापुद्रा ११० चा धरला तर उरतात २९२. सर्वसाधारण किमान मर्यादा २५० ची, म्हणजे वरवर पाहता चालण्यासारखे. पण पापुद्रा आणि खोदकाम मिळून २०० मायक्रॉन, म्हणजे एकूण जाडीच्या ४० टक्क्यांहून जास्त, आणि त्या रेषेपुढे धोका वाढतो असे अलीकडचे अभ्यास सांगतात. स्माइलमध्ये वरचे छत १२० आणि चकती शंभराच्या वर. खाली २७० च्या आसपास उरते. छत अखंड असल्याने त्याचीही ताकद मिळते असे पुरस्कर्ते म्हणतात. पीआरकेमध्ये वरचे ५० आणि ९० वजा जाता ३५२. हे गणित करायला बँकेतली नोकरी पुरेशी होती.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या पुढाकाराने लॅसिकच्या रुग्णांना थेट विचारून केलेली पाहणीही वाचली. समाधानी ९५ टक्क्यांहून अधिक. पण ज्यांना आधी दिव्यांभोवती वलये वगैरे कसलाच त्रास नव्हता, त्यांच्यापैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी असा किमान एक तरी त्रास सांगितला. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत. पत्रकावर पहिलाच छापतात.

फाईल

आम्ही दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी लेन्स काही आठवडे बंद करायला लावल्या, कारण लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. मग नकाशा काढला. शंकूची कसलीही खूण नव्हती. ते म्हणाले, “जाडी बेताची, नंबर मोठा, खेळ अंगावरचा. लेसर करायचाच असेल तर वरून करू. नाहीतर डोळ्याच्या आत बसवायचं भिंग आहे. आणि काहीच न करणं हाही पर्याय आहे.” पत्रकावर नसलेले दोन रकाने त्यांनी जोडले. माझ्या वाचायच्या चष्म्याचे काही होईल का, असे मी विचारले तेव्हा हसून म्हणाले, “चाळिशी या पडद्यात नसते हो, आतल्या भिंगात असते. हिलासुद्धा ती लागणारच.”

तिने हंगाम संपेपर्यंत थांबायचे ठरवले आणि जूनमध्ये पीआरके करून घेतले. तीन दिवस खोलीत पडदे ओढून पडून होती आणि मला शिव्या घालत होती. दोन महिने रात्री दिव्यांभोवती वलये दिसत. आता कमी झाली आहेत. श्रावणापासून पुन्हा मैदानात आहे. वीस वर्षांनी काय असेल हे मी सांगू शकत नाही. सातोंच्या रुग्णांनाही पहिल्या वर्षी चांगलेच दिसत होते. फरक इतकाच, की आज आतला थर मोजता येतो, आणि सायलर यांच्या नोंदीमुळे उरलेली जाडी आधी तपासली जाते.

एक काम मात्र मी तिच्याकडून आग्रहाने करून घेतले. शस्त्रक्रियेपूर्वीचे सगळे कागद, म्हणजे मूळ नंबर, जाडी, बाकाचे आकडे आणि नकाशा, एका फाईलमध्ये लावून घेतले. साठीत मोतीबिंदू निघेल तेव्हा आत बसवायच्या भिंगाची शक्ती काढताना, लेसर झालेल्या डोळ्यात नेहमीचे हिशेब चुकतात आणि हे जुने आकडे कामी येतात. तोवर ते रुग्णालय असेल-नसेल, संगणक बदललेले असतील. फाईलच्या दोन प्रती केल्या. एक तिच्याकडे आहे, दुसरी माझ्या कपाटात, मोडीच्या दप्तरांशेजारी.