ग्रोनिंगेनचे चार खंड

हॉलंडांतील सायकलमार्ग म्हणजे त्या लोकांच्या अंगचा उपजत शहाणपणा, असें आपल्याकडील प्रवासी कौतुकानें सांगतात. वस्तुस्थिति इतकी सरळ नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशानेंहि मोटारीपुढें मान तुकविली होती. १९७१ सालीं तेथील रस्त्यांवर सुमारें ३,३०० माणसें मेलीं. त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. अशाच एका अपघातांत मुलगी गमावलेल्या व्हिक लांगेनहोफ या पत्रकारानें १९७२ मध्यें ‘मुलांची हत्या थांबवा’ असा लेख लिहिला, आणि तेंच एका चळवळीचें नांव झालें.

परंतु खरी कसोटी नगरपालिकांची होती. ग्रोनिंगेन येथें ऐन विशींत अधिकारावर आलेल्या माक्स व्हान डेन बर्ग यांनीं शहराच्या मध्यभागाचे चार खंड पाडण्याची योजना पुढें रेटली. एका खंडांतून दुसऱ्यांत मोटार न्यावयाची तर बाहेरच्या वळणरस्त्यानें जावें. सायकलवाल्यानें मात्र सरळ जावें! व्यापाऱ्यांनीं ओरड केली. (दुकानदार हा प्राणी सर्वत्र सारखाच.) तरीहि १९७७ च्या सप्टेंबरांत एका रात्रींत योजना अमलांत आली. येथें नव्या पट्ट्यांपेक्षां मोटारीचा जवळचा मार्ग बंद करणें हेंच खरें काम होतें, आणि तें रंगाच्या डब्यानें होण्यासारखें नव्हतें.

वाद मात्र तेथेंच मिटला नाहीं. शहरांतील नोर्डरप्लांटसून ही बाग मोटारींना बंद करावी कीं नाहीं, यावर १९९४ सालीं नागरिकांचें मत घेण्यांत आलें. बंदीचा पक्ष जिंकला, पण अगदीं निसटत्या बहुमतानें.