ठरलेल्या तारखेचं बाळंतपण : जुळी, सिझर आणि नगर जिल्हा

राजे, लढाया, तह यांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतो. बाळंतिणीच्या खोलीचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही. आज आपण त्या खोलीत जाणार आहोत.

आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, एखाद्या घरी जुळी येणार असली की घरातली माणसं सहज बोलून जातात, "डॉक्टरांनी गुरुवारची तारीख दिलीय, सिझर आहे." मग माहेरची माणसं रजा टाकतात, दुपटी दोन-दोन शिवली जातात, टोपडीही दोन. बाळंतपणाला अशी आधीपासून तारीख असते हे आपल्या पणजीला सांगितलं असतं, तर ती हसली असती. कळा काय विचारून येतात का! मग ही तारीख आली कुठून, आणि ती ठरवतं कोण?

आधी नावाचा घोळ सोडवू. ज्युलियस सीझर पोट फाडून जन्मला म्हणून 'सिझेरियन', असं आपण ऐकलेलं असतं. पण सीझरची आई ऑरेलिया त्याच्या मोठेपणापर्यंत हयात होती, आणि त्या काळी ही क्रिया जिवंत बाईवर सहसा होत नसे. गरोदर बाई वारली तर मूल पोटातून काढल्याशिवाय तिला पुरू नये, असा रोमचा जुना कायदा होता. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही हाच प्रसंग येतो: आई गेली आहे, पण कूस हलते आहे, तर वैद्याने मूल बाहेर काढावं. जुळ्यांचा विचारही तिथे आहे. वायूने बीजाचे दोन भाग केले की जुळी होतात, असं सुश्रुत सांगतो. म्हणजे हजारो वर्षं पोट उघडणं हा आईच्या मरणानंतरचा उपाय होता.

तो जिवंत आईचा उपाय झाला एकोणिसाव्या शतकात. 1847 साली एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरलं. पुढे लिस्टर यांनी शस्त्रक्रियेतली जंतुबाधा रोखण्याचा मार्ग दाखवला. तरीही बायका मरतच होत्या, कारण गर्भाशय शिवतच नसत! आतले टाके काढणार कसे, म्हणून ते तसंच सोडायचं, अशी रीत होती. 1876 साली इटलीतल्या पाव्हियामध्ये पोरो यांनी मुलाबरोबर गर्भाशयच काढून टाकलं आणि आई वाचवली. 1882 साली जर्मनीत सेंगर यांनी गर्भाशय नीट थरांमध्ये शिवायची पद्धत मांडली. विसाव्या शतकात छेद गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा घेतला जाऊ लागला, रक्तपेढ्या आल्या, पेनिसिलिन आलं. तेव्हा कुठे हे ऑपरेशन भरवशाचं झालं.

पण भरवशाचं ऑपरेशन असलं तरी तारीख ठरवायला आणखी एक गोष्ट लागते: पोटात दोन आहेत हे आधी कळावं लागतं. पूर्वी कित्येकदा ते पहिलं मूल जन्मल्यावरच कळायचं. पोट अजून मोठं कसं, असं म्हणत सुईण हात लावायची, तर आत दुसरं. ते आडवं असलं, नाळ पुढे आली किंवा रक्त थांबेना, की सुईणीच्या हातात फार काही उरत नसे. तिच्या अनुभवाला आपण कमी लेखत नाही. तिच्यापासून दवाखाना एक दिवसाच्या बैलगाडीवर होता, ही खरी अडचण.

नगर शहरात अमेरिकन मराठी मिशनने बायका-मुलांसाठी दवाखाना चालवला. तोच पुढे साल्व्हेशन आर्मीकडे गेला आणि आज आपण त्याला बूथ हॉस्पिटल म्हणतो. पण क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठ्या असलेल्या या जिल्ह्याला शहरातला एक दवाखाना कसा पुरणार?

याचं उत्तर 1970 साली जामखेडमध्ये शोधलं गेलं. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघं त्याआधी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करत होते. बरे करून पाठवलेले रुग्ण त्याच दुखण्यांनी परत येतात, हे त्यांनी तिथे पाहिलं. जामखेडला त्यांनी गावोगावच्या बायकांनाच आरोग्यसेविका केलं. गावाने निवडलेल्या या बायकांपैकी कितीतरी निरक्षर आणि दलित होत्या. त्या गरोदर बाईच्या घरी जायच्या. पायावर सूज आहे का, आधीचं सिझर आहे का, पोट दिवसांच्या मानाने मोठं आहे का, म्हणजे जुळी असावीत का, हे बघायच्या. सरळ बाळंतपण गावातच व्हायचं, अवघड दिसलं की वेळेवर जामखेडच्या दवाखान्यात. प्रकल्पाच्या नोंदी सांगतात, 1971 साली तिथला बालमृत्यूचा दर हजारी 176 होता. 1990च्या दशकात तो विसाच्या आसपास आला. त्यात पाणी, आहार, लसी या सगळ्यांचा वाटा आहे. आपल्या विषयापुरतं एवढंच बघायचं, की अवघड बाळंतपण आधी ओळखणं हे काम या जिल्ह्यात अक्षर न ओळखणाऱ्या बाईने करून दाखवलं.

नंतर सोनोग्राफी आली. 1958 साली ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी तिचा पहिला मोठा लेख छापला आणि पुढच्या काही दशकांत ती यंत्रं तालुक्याच्या गावीही पोहोचली. आता जुळी आहेत हे पहिल्या तीन महिन्यांतच कळतं. दोघांची वार एक की दोन, हेही कळतं, आणि तारीख त्यावरच ठरते. वार वेगळी असेल आणि सगळं ठीक असेल, तर साधारण सदतिसावा-अडतिसावा आठवडा, एकच असेल तर त्याच्या थोडं आधी. फार लवकर काढलं तर मुलांची फुप्फुसं कच्ची राहतात, फार थांबलं तर पोटातच धोका वाढतो. तारीख या दोन भीतींच्या मधली असते. पंचांग उघडून मुहूर्त मागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग जुळी म्हटली की सिझरच का? 2013 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 25 देशांतल्या सुमारे 2800 बायका, सगळ्यांना जुळी, पहिलं मूल डोक्याकडून. निम्म्यांचं सिझर आधीच ठरवलं, निम्म्यांना नैसर्गिक बाळंतपणाची संधी दिली. बाळ दगावणं किंवा गंभीर आजारी होणं पहिल्या गटात 2.2 टक्के, दुसऱ्यात 1.9 टक्के, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. दुसऱ्या गटातही जवळजवळ 44 टक्के जणींचं शेवटी सिझर झालंच, हेही सांगायला हवं. आणि हा निकाल लागू होतो तो तयारीच्या दवाखान्यात, जिथे अनुभवी डॉक्टर हजर आहे आणि गरज पडली तर लगेच ऑपरेशन होऊ शकतं. पहिलं मूल आडवं किंवा पायाळू असेल, तर ठरवून सिझर हाच सहसा शहाणपणा.

आता आपल्या राज्याचा आकडा. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात दर शंभर बाळंतपणांत पंचवीसेक सिझर होती. देशभरात सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण 14 टक्क्यांच्या आसपास, खासगीत 47. बाईचं शरीर तर दवाखान्याची पाटी बघून बदलत नाही! म्हणजे कुठे गरज नसताना होतं आहे, आणि कुठे गरज असूनही मिळत नाही.

न मिळणारी बाई कोण? पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची ऊसतोडीला जाणारी. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली. सातव्या-आठव्या महिन्यात ती फडावर असते, तपासणीचा कागद गावी. सरकारी दवाखान्यात सिझर 2011पासून मोफत आहे, 108ची गाडीही आहे. पण तारीख द्यायला कोणीतरी तिला आधी तपासायला हवं ना?

तेव्हा आमचं म्हणणं सिझरच्या बाजूचंही नाही आणि विरोधातलंही नाही. जुळ्यांच्या स्वागताला तारीख मिळणं ही माणसाच्या मोठ्या कष्टांची कमाई आहे. डॉक्टरांनी तारीख दिली की घरच्यांनी तीन प्रश्न विचारावेत: पहिलं मूल कसं आहे, वार एक की दोन, आणि हीच तारीख का? हे विचारताना जिच्या पोटावर छेद जाणार आहे, तिला पुढच्या खुर्चीत बसवावं. आणि आपल्या गावातून कोयता निघण्याआधी कोण कितव्या महिन्यात आहे, याची यादी ग्रामसभेने आशाताईंकडून मागून घ्यावी. जामखेडच्या बायकांनी पन्नास वर्षांपूर्वी हेच केलं होतं, तेही सोनोग्राफीशिवाय.

आता आपण प्रश्न घेऊ.